थर्माकोलचा दगड

पडद्यावर संपकऱ्याच्या हातात दगड दिसला, की तो दगड त्याच्या हातात कुणी दिला, असं तुम्ही कधी विचारलंय का?

मी विचारलं नव्हतं. उत्रोलीच्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीत, भर उन्हात, तो दगड एका माणसाच्या हातात मीच दिला. थर्माकोलचा होता. राखाडी रंग मारलेला, वर माती चोळलेली, वजनाला कापसाइतका. त्या दगडामुळे त्या माणसाची परत मिळत आलेली नोकरी अडकून पडली आहे. म्हणून हे लिहिते आहे. लिहायचा कंटाळा आलाय, तरी लिहिते आहे.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या भोरच्या दोन खोल्यांत गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील हायवेवरच्या एका कारखान्यात रबरी भाग बनवणाऱ्या खात्यात होते आणि युनियनचे सेक्रेटरी होते. पाळी संपवून आले की जेवायच्या आधी ते पाटावर कागद घेऊन बसायचे. त्यांनी लिहायचं, सकाळी झेरॉक्सवाल्याकडे जायचं, आणि मी आणि आईनं घड्या घालायच्या. 'जाहीर आवाहन' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. शाळेत 'माझा आवडता पक्षी' या निबंधाच्या शेवटी मी लिहिलं होतं, 'तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. मला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

वडिलांचा एक नियम होता. "पत्रकाची शेवटची ओळ अशी पाहिजे, की वाचणाऱ्यानं कागद खिशात घालू नये, मुठीत धरावा." मी तो नियम गिरवला. पुढं कॉलेजात लिहिलं, दिवाळी अंकांत लिहिलं, मोबाईलवर लिहिलं. प्रत्येक ठिकाणी शेवटाला ठोसा. ठोशाच्या पुढं काही लिहायची सवयच लागली नाही.

सिनेमातला संपही आम्ही घरी बसून बघायचो. टीव्हीवर युनियनवाला आला की आई आतून ओरडायची, "बघा, तुमचा आला." तो युनियनवाला एक तर गळ्यात रुमाल बांधलेला, मालकाकडून पाकीट घेणारा असायचा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात मरणारा देवमाणूस. संप एका गाण्यात सुरू होऊन त्याच गाण्यात संपायचा. मशाली पेटायच्या, मॅनेजरच्या गाडीची काच फुटायची. वडील वैतागून म्हणायचे, "आरं, यांच्या गेटवर कुणी लघवीला सुद्धा जात न्हाई का?"

त्यांचं म्हणणं मला खरा संप झाला तेव्हा कळलं. मी तेव्हा बारावीत होते. कायम कामगारांची संख्या कमी करून कंत्राटी भरायला सुरुवात झाली होती, पगारवाढीचा करार रखडला होता, आणि एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेटच्या आत न जाता बाहेर ताडपत्रीवर बसली. परीक्षा संपल्यावर मी रोज डबे घेऊन जायची. संप म्हणजे काय असतं, ते तिथं दिसलं. संप म्हणजे बसणं. ताडपत्रीची सावली सरकेल तसं सरकून बसणं. पिठलं-भाकरी, कांदा. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या पोरीचं स्थळ या संपापायी मोडलं. पाऊस लागल्यावर गेटवर कुणी बसायचं याच्या पाळ्या भातलावणीवर ठरल्या. आज याच्या वावरात सगळ्यांनी सावडीनं लावणी करायची, उद्या त्याच्या. ज्यांची लावणी नाही त्यांनी गेट सांभाळायचं. माणसं चिखलानं भरलेल्या पायांनी घोषणा द्यायला यायची आणि घोषणा देता देता डुलक्या घ्यायची.

पण सगळ्यात आधी, पहिल्याच दिवशी, त्यांनी एक गोष्ट केली होती. भाटघरकडचे एक काका होते, वडिलांचे खात्यातले जोडीदार. ते गावच्या भैरोबाचा भंडारा आणि बेलाची पानं एका स्टीलच्या डब्यात घालून घेऊन आले. आमच्याकडे भावकीतल्या भांडणात बेलभंडार उचलतात. एकदा उचलला की शब्द फिरवता येत नाही. तो त्यांनी कारखान्याच्या गेटवर आणला. वडिलांना आधी हे पटलं नव्हतं. युनियनच्या घटनेत असलं काही बसत नाही म्हणाले. काका म्हणाले, "तुमची घटना कपाटात ऱ्हाती. ह्यो कपाळाला लागतो."

एकेकानं पान उचललं, कपाळाला भंडारा लावला आणि तीन गोष्टी म्हटल्या. दगड उचलायचा न्हाई. शिवी द्यायची न्हाई. सगळ्यांचं मिटल्याबिगार आत जायचं न्हाई.

शिवीचं दुपारच्या जेवणालाच मोडलं. कुणीतरी भाजीत मीठ जास्त टाकलं होतं. काकांनीच हसून निकाल दिला, "आपल्या आपल्यात धरू नगा. सायबाला दिली तर मोडलं."

दगडाचं मात्र कुणी हसण्यावारी नेलं नाही. बाउन्सर आणून उभे केले, त्यांनी ताडपत्री ओढली, एकाचा हात पिरगाळला, तरी कुणी वाकलं नाही. त्या माळावर दगडांना तोटा नव्हता. बसायला जागा करायची म्हणून आधी दगडच बाजूला काढावे लागत. काका ते काढताना सुद्धा पायानं सरकवायचे. हातानं उचलायचे नाहीत. मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं.

एका दुपारी कंत्राटी बायकांची बस आत निघाली होती. त्या बायकाही आमच्याच खोऱ्यातल्या, वेल्ह्याकडच्या, नसरापूरच्या. घोषणा चालू होत्या. कुठून तरी एक दगड आला आणि खिडकीची काच फुटली. कुणी मारला, ते आजपर्यंत कळलेलं नाही. ताडपत्रीच्या बाजूनं आला, का हायवेकडून आला, यावर अजून वाद होतात. मी तिथंच होते आणि मलाही सांगता येणार नाही. मला फक्त आवाज आठवतो. सिनेमात काच फुटते तशी खळ्ळकन नाही, कुणी पोतं आपटावं तसा, दबका.

एका मुलीच्या भुवईत काच घुसली होती. सगळे जागच्या जागी उभे राहिले आणि काका तेवढे पळाले. बसमध्ये चढले, तिला हाताला धरून खाली आणली, टोपीनं रक्त दाबून धरलं. गेटच्या कॅमेऱ्यात काय आलं? बसच्या दारात काका, शर्टावर रक्त, हात वर केलेला. तो हात ते ड्रायव्हरला 'थांब' म्हणून करत होते. कॅमेऱ्याला आवाज नव्हता.

संप मिटला. करार अर्धामुर्धा झाला. बाकीचे आत गेले आणि पाच जणांना चौकशी लावून बडतर्फ केलं. त्यातल्या चौघांनी हिशेब घेऊन विषय संपवला. वडील त्या चौघांतले. ते आता पानशेतला एका पुणेकराच्या बंगल्यावर रखवालदार आहेत. शनिवार-रविवार मालक येतात म्हणून ते सोमवारी घरी येतात. "सारं आयुष्य गेटभाईर बसलो," असं स्वतःच म्हणतात, "आता गेटच्या आत खुर्ची मिळाली." या विनोदावर आई कधी हसत नाही.

पाचवे काका. त्यांनी हिशेब घेतला नाही. "घेतला तर दगड म्याच मारला असं व्हतंय," म्हणाले. कामगार न्यायालयात दावा लावला आणि तारखा सुरू झाल्या. भाटघरहून भोर, भोरहून एसटीनं पुणे, पुढची तारीख, परत. ती भुवईवाली मुलगी लग्न होऊन गेली, पण तिनं येऊन साक्ष दिली. हेच काका मला उतरवायला आले होते, म्हणाली. त्यानंतर गाडी जरा हलली. या वर्षी संक्रांतीनंतर कंपनीचा निरोप आला की काकांना परत घ्यायला हरकत नाही, तडजोडीचा मसुदा करू. काकांचं अठ्ठावन्नावं येत्या दिवाळीनंतर भरतं. म्हणजे नोकरी उरली ती काही महिन्यांची. ते पैशासाठी नव्हतंच. त्यांना एकदा, माथ्यावर डाग नसताना, त्या गेटमधून आत जायचं होतं. काकूंनी त्यांचा जुना निळा शर्ट धुऊन ठेवला होता. खिशावरचा कंपनीचा बिल्ला बडतर्फीच्या दिवशी उसवून घेतला होता, तेवढी चौकोनी जागा गडद राहिली होती. "नवा बिल्ला बरूबर तितंच बसंल," असं काकू शेजारणीला सांगत होत्या.

आणि त्याच महिन्यात शूटिंगवाले आले.

भोरला शूटिंगचं नवल नाही. पण या वेळी मालिका होती गिरणी कामगारांच्या संपावर. उत्रोलीच्या त्या भातगिरणीला त्यांनी मोठं गेट लावलं, भोंगा बसवला, भिंती काळ्या केल्या. घोषणांचे फलक लिहायला कुणी स्थानिक पाहिजे होतं आणि माझं नाव कुणीतरी दिलं. मी गेले. खोटं कशाला बोलू, आनंदानं गेले. आपला संप पडद्यावर जाणार, तो यांनी वाकडा दाखवायच्या आत आपण आत शिरलेलं बरं, असा माझा हिशेब होता. फलकांवर मी आमच्याच संपातल्या घोषणा लिहिल्या, त्याच लाल रंगात, वडिलांच्या वळणाच्या अक्षरात. त्यांना फार आवडलं.

मग दिग्दर्शकाचा सहायक, माझ्याच वयाचा, टोपी उलटी घातलेला, मला म्हणाला, "मॅडम, पब्लिकचे चेहरे फार गुळगुळीत आहेत हो. रिअल कामगार मिळतील का? ज्यांनी खरंच संप केलाय असे?"

मी काकांना आणलं. तारखांच्या मध्ये त्यांना काही काम नव्हतं. एक दिवस शूटिंग बघतील, जेवण मिळेल, चार पैसेही मिळतील, इतकाच विचार केला. जुने कपडे घालून या, असा निरोप होता. काका तो निळा शर्ट घालून आले. मी तो पाहिला आणि मनात म्हटलं, वा. काय दिसतोय.

सकाळभर त्यांना ताडपत्रीवर बसवलं. काका तिथं इतके सहज बसले, की त्यांना चक्क डुलकी लागली. सहायक कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, इथं काहीच होत नाहीये."

"संपात असंच असतं," मी म्हणाले.

"हो, पण लोक हे बघणार नाहीत ना."

दुपारचा प्रसंग मॅनेजरचा होता. मॅनेजरची गाडी येते, जमाव तिला घेरतो, आणि पुढचा एक कामगार दगड उचलून गाडीच्या काचेवर मारतो. तो कामगार म्हणून त्यांनी काकांना निवडलं. चेहरा चांगला आहे म्हणाले. थर्माकोलचा दगड समोर ठेवला आणि काकांनी हात मागे घेतले.

"म्या न्हाई उचलणार."

सहायकाला वाटलं, पैसे वाढवून मागतायत. "आजोबा, खोटा आहे हो. हे बघा." त्यानं दगड स्वतःच्या डोक्यावर आपटून दाखवला. सगळे हसले.

"खोटा हाय ते दिसतंय मला. म्या भंडारा उचललाय."

"म्हणजे?"

मी मध्ये पडले. काकांना बाजूला घेतलं. इथं मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, काका, तो संप कधीच मिटला. तिसरी अट काय होती? मिटेपर्यंत. मिटल्यावर शपथ सुटली. मी म्हणाले, हा थर्माकोल आहे हे देवाला कळणारच ना. मी म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात तर हे दुसऱ्या कुणाला उभं करतील, दात-ओठ खाणाऱ्या एखाद्याला. तुमच्या तोंडावर निदान माणूस तरी दिसेल. हे शेवटचं मला फार सुंदर सुचलं असं तेव्हा वाटलं.

काका म्हणाले, "तू लई शिकलीस पोरी. वादात काय मी तुला पुरायचो न्हाई."

मग त्यांनी चपला काढल्या. भाटघरकडे, म्हणजे त्यांच्या भैरोबाकडे तोंड केलं, हात जोडले, ओठ हलवले. सहायक हळूच "रोल, रोल" म्हणाला. त्याला ते आवडलं असावं. मीही माझा मोबाईल काढला. पुढं उभ्या केलेल्या सगळ्या माणसांचे मोबाईल सकाळीच एका पोत्यात गोळा केले होते. मी फलकांच्या खात्यातली, म्हणून माझा माझ्याकडे होता. मी मोठ्या कॅमेऱ्याच्या शेजारी उभी राहून टिपायला लागले. त्यामुळे माझ्या चित्रणात कॅमेरा नाही. फलक आहेत, गेट आहे, आणि काका आहेत.

आधी एकदा थांबावं लागलं. गिरणीच्या बाहेर, ओढ्याच्या बांधावर, बघ्यांची गर्दी झाली होती. गाड्या थांबवून आलेली माणसं, कॉलेजच्या मुली, आणि एक कोंबड्यांचा टेम्पो. टेम्पोवाला टपावर चढून मोबाईल वर धरून उभा. कोंबड्यांचा कलकलाट आत ऐकू येत होता. साउंडवाला ओरडला, तेव्हा सहायक बांधाजवळ जाऊन म्हणाला, "दादा, जरा गप्प करा की त्यांना."

"तुमीच सांगा," टेम्पोवाला वरनं म्हणाला. "माझं ऐकत्यात व्हय त्या?"

काकासुद्धा हसले. त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसू.

मग गाडी आली, जमाव धावला, आणि काकांनी दगड उचलून मारला. हलका असल्यामुळे तो नीट जाईना, म्हणून त्यांनी अंग पिळवटून, सारा जीव लावून मारला. काच फुटायची सोय शूटिंगवाल्यांनी वेगळी केली होती, ती फुटली. कुणीतरी 'कट' म्हणून ओरडलं. मॅनेजर झालेला नट गाडीतून उतरताना अडखळला, तर काका अनवाणी धावत गेले, त्याला दंडाला धरलं आणि विचारलं, "लागलं का सायेब?"

हे सगळं माझ्या मोबाईलमध्ये होतं. हात जोडलेले काका, दगड, 'कट', आणि 'लागलं का सायेब'.

घरी येऊन मी ते कापलं.

आता तुम्हाला कळेल, वडिलांचा नियम मी का सांगितला. मला लोकांना दाखवायचं होतं की संपकरी म्हटलं की या शूटिंगवाल्यांना फक्त दगड दिसतो. तर मग दगडच ठेवावा. पुढचे जोडलेले हात लांबण लावत होते, काढले. मागचं 'लागलं का' ठोसा बोथट करत होतं, काढलं. उरले सोळा-सतरा सेकंद. ते स्टेटसला टाकले आणि खाली लिहिलं, 'संपकरी म्हणजे यांना एवढंच दिसतं.' मोबाईल भरलाय असं कधीपासून येत होतं, म्हणून मूळ लांब चित्रण पुसून टाकलं. माझ्या बोटांनी. झोपायच्या आधी किती जणांनी पाहिलं ते बघत बसले होते.

चित्रण पुढं गेलं. खालची ओळ मागं राहिली. आठवड्याभरात ते हायवेच्या अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या गटांत फिरत होतं, वर कुणीतरी नवी ओळ टाकलेली: 'त्या संपाचं जुनं चित्रण सापडलं, बघा कोण दगड मारत होतं.' फलकांवर आमच्याच घोषणा, अक्षर वडिलांचं, शर्ट कंपनीचा. खिशावर बिल्ला नाही आणि बसच्या जागी गाडी आहे, हे कुणी बघितलं नाही. कोण म्हणेल हे खोटं आहे? मीच खरं दिसावं म्हणून मेहनत घेतली होती.

पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं ते मोबाईलवर दाखवलं. तडजोडीचा मसुदा मागं घेतला.

मी काकांना सांगायला भाटघरला गेले. ते धरणाच्या पोटात, पाणी ओसरलेल्या जमिनीत, पावट्याच्या शेंगा काढत होते. त्यांना चित्रण फिरल्याचं ठाऊक होतं. ते मीच टाकलं होतं, हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. काकू बांधावर होत्या, त्यांनी ऐकलं.

"लिही की आता एक पत्रक," काकू म्हणाल्या. "तुज्या बापाच्या पत्रकांनी एकदा भाईर काढलं. तुज्यानं कायमचं."

काकांनी ओंजळीतल्या शेंगा पाटीत टाकल्या. मग म्हणाले, "आन् म्या हात जोडलेलं?"

"तेपण कापलं, काका."

"पुसलं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. नोकरीबद्दल त्यांनी मला तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही. जोडलेले हात कुठंच उरले नाहीत, हे त्यांना जास्त लागलं असावं. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत शेंगा घातल्या. मी नको म्हणाले. "तुज्या आईला दे," म्हणाले. "तुला कुठं म्हणतोय."

काकांच्या वकीलबाईंना मी म्हणाले, मी साक्ष देते, सगळं कबूल करते. त्यांनी माझा जबाब लिहून घेतला खरा. पण म्हणाल्या, तू युनियनच्या सेक्रेटरीची मुलगी, पत्रकं लिहिणारी. तुझ्या बोलण्याला ते विचारतील ना, आता कशावरून खरं बोलतेस? अखंड चित्रण पाहिजे. शूटिंगवाल्यांना पत्र धाडलं. उत्तर आलं की मालिका प्रदर्शित होईपर्यंत एक तुकडाही बाहेर देता येत नाही, आणि मुळात मोबाईलवर टिपायला मनाई असताना मी टिपलं, याबद्दल तेच माझ्यावर कारवाई करू शकतात. त्या उलट्या टोपीवाल्याला फोन केला. तो भला मुलगा आहे, त्याला खरंच वाईट वाटलं. "मॅडम, मी आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे," म्हणाला.

मग ताडपत्रीवर बसलेल्या बाकीच्या माणसांकडे गेले. भोरच्या बागवान आळीतले एक चाचा म्हणाले, "बेटी, मी येतो की कोर्टात. पण माझा मोबाईल तर पोत्यात होता, दाखवू काय?" दोघं-तिघं हायवेवर कंत्राटी आहेत. त्यांनी दारातूनच हात जोडले. त्यांना मी काही म्हणाले नाही. पाच वर्षांपूर्वी म्हणाले असते.

या सोमवारी वडील आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, मी यावर लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिहून काय व्हतंय आता? दारोदार हिंड."

"हिंडतेय. दारं संपली."

त्यांनी माझा कागद वाचला. पूर्वीसारखं पेन मागितलं नाही. एवढंच म्हणाले, "शेवटाला आरडू नको. काय पाहिजे ते सांग."

तर काय पाहिजे ते सांगते. या संक्रांतीनंतर शूटिंग चाललं होतं त्या दुपारी उत्रोलीच्या भातगिरणीबाहेर, ओढ्याच्या बांधावर तुम्ही उभे होता का? तिथून समोर मोठा कॅमेरा दिसत होता, छत्री दिसत होती, आरडाओरडा करणारा सहायक दिसत होता. तिथून टिपलेल्या कुठल्याही चित्रणात ते शूटिंग आहे हे लहान मुलालाही कळेल. गेले दोन आठवडे मी कापूरहोळच्या चौकात उभी राहून कोंबड्यांचे टेम्पो थांबवते आहे. चार भेटले. चौघंही म्हणाले, तो मी नव्हे, आणि हसले. टपावर चढलेले टेम्पोवाले दादा, तुम्ही किती वेळ मोबाईल धरून उभे होता ते मी पाहिलंय. तुम्ही हे वाचाल असं नाही, पण तुमच्या ओळखीचं कुणी वाचेल.

मोबाईलमध्ये मागं जाऊन बघा. लग्नाचे, बारशाचे फोटो सरकवत त्या दिवसापर्यंत जा. सापडलं तर कापू नका, त्यावर काही लिहू नका, गटांत टाकू नका. जसं आहे तसं, पुढच्या-मागच्या कलकलाटासकट राहू द्या आणि गिरणीसमोरच्या चहाच्या टपरीवर निरोप ठेवा. पुढची तारीख पावसाच्या आधी आहे. मी येऊन घेऊन जाईन. काकांचे हात जोडलेले त्यात दिसत असतील, तर ते आधी त्यांना दाखवायचे आहेत.